आधी पाठीवर, मग चाकांवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (निपाणी) : आम्ही दोघं निपाणीचे, एक मित्र सांगलीचा, एक पुण्याचा. जानेवारीत चौघं बेळगावात जमणार आहोत. दोन दिवस शहर पाहायचं आणि तिसऱ्या दिवशी गोव्याहून येणारी कॅम्परव्हॅन (आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी) ताब्यात घेऊन खानापूर, दांडेली, कारवार असे पाच दिवस हिंडायचं. बेळगावचा बसस्टँड सोडला तर आम्ही गाव पाहिलेलं नाही. राहायचं कुठे आणि सामान किती घ्यायचं?

उत्तर : सामानाचं आधी पक्कं करा, कारण फसगत तिथेच होते. चाकांची कडक सुटकेस लॉजवर शोभते, पण व्हॅनच्या बैठकीखालच्या खणात ती जात नाही. रात्री बिछाने उघडले की चालायलाही जागा उरत नाही आणि बॅगा ड्रायव्हरच्या सीटवर रचाव्या लागतात. म्हणून माणशी ४० ते ४५ लिटरची एकच मऊ पाठपिशवी घ्या, भरलेली ८ किलोच्या आत. आत तीन कापडी पिशव्या करा : शहराचे कपडे, व्हॅनचे कपडे, मळके. खण भरताना मोठी पिशवी रिकामी करून घडी घालायची आणि कापडी पिशव्याच खणात सारायच्या. शहरात फिरायला १५ लिटरची छोटी सॅक वेगळी ठेवा. स्वेटर प्रत्येकाकडे हवाच. जानेवारीत बेळगावची पहाट चांगलीच झोंबते आणि दोन दिवसांनी कारवारला तोच स्वेटर उशाला येतो.

निपाणीहून हायवेने यायला एसटी काय, कर्नाटकची बस काय, दोन्ही चालतील. मात्र सीमाप्रश्न तापला की महाराष्ट्रातून येणाऱ्या बसगाड्या निपाणीच्या अलीकडेच कोगनोळी नाक्यावर अडतात. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिन) आगेमागे बेत आखू नका. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटक विधानभवनात, अधिवेशन असलं की लॉजही मिळत नाही. सांगलीकराला मिरजेहून रेल्वे बरी. तिकीट काढताना स्टेशनचं नाव ‘बेळगावी’ शोधावं. स्टेशन कॅम्पच्या (लष्करी छावणीच्या) बाजूला आहे आणि मध्यवर्ती बसस्टँड किल्ल्यासमोर. दोन्हींत दोन-तीन किलोमीटरचं अंतर आहे. भेटायची जागा नीट ठरवा, नाहीतर दोघं इकडे आणि दोघं तिकडे उभे.

खोली बसस्टँडच्या बाजूला घ्या, फिरणं पायी होईल. घेताना दोन गोष्टी विचारा. चेकआऊट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं? चोवीस तासांचं असेल आणि तुम्ही पहाटे पाचला शिरलात, तर तिसऱ्या दिवशीही पहाटे पाचलाच बाहेर पडावं लागतं. व्हॅन दहाला येणार असेल तर मधले पाच तास रस्त्यावर. दुसरं, खोली सोडल्यावर बॅगा काउंटरमागे ठेवू देतात का? ओळखपत्र चौघांचंही जवळ ठेवा, एकाच्या नावावर भागत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी किल्ला. खंदक ओलांडून आत गेलात की कमल बस्ती लागते. १२०४ सालचं हे जैन मंदिर रट्ट राजांच्या काळातलं. आत शिरल्यावर मान वर करा, छताला दगडात कोरलेलं कमळ उलटं लोंबतं आहे. तिथून खडेबाजार, गणपत गल्ली. रिसालदार गल्लीत १८९२ साली स्वामी विवेकानंद उतरले होते, ते घर पाहता येतं. दुसरा दिवस शहापूरला द्या, वाटेत कपिलेश्वर. सांगलीच्या मित्राला सांगा, शहापूर पूर्वी त्यांच्याच संस्थानात होतं. किराणा दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून भरा, व्हॅन आल्यावर नको. त्या पेठेत व्हॅन शिरेल, पण वळणार नाही.

प्रश्न (खानापूर) : आमच्या गटात तीन मुली आहेत, दोघी खानापूरच्या, एक कोल्हापूरची. कर्नाटकच्या बसमध्ये तिघींनाही फुकट प्रवास आहे का?

उत्तर : नाही. ११ जून २०२३ पासून सुरू असलेली शक्ती योजना कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी आहे. आधारवर कर्नाटकाचा पत्ता हवा. खानापूरच्या दोघींनी आधार दाखवून शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्यावं. फुकट असलं तरी तिकीट लागतंच. कोल्हापूरच्या मुलीला पैसे पडतील. वातानुकूलित, राजहंस (आरामगाड्या) आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांना ही सवलत नाही, त्यामुळे पणजीच्या बसमध्ये वाद घालू नका.

प्रश्न (चिकोडी) : ओळखीच्या एकाने स्वतःची गाडी कॅम्परव्हॅन करून घेतली आहे. पांढऱ्या पाटीची आहे, पण भाडं बाजारापेक्षा निम्मं. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरसकट येणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी वापर. अशी गाडी भाड्याने घेतलेली असताना अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. वाचलेलं निम्मं भाडं तिथे कुठल्या कुठे जातं. लायसन्सचं म्हणाल, तर हलक्या वाहनाचं लायसन्स ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतं. आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं, ते बघा. परमिटवर गोवा आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत का, तेही वाचा.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : व्हॅन ताब्यात घेताना नेमकं काय तपासायचं? मालक दहा मिनिटांत किल्ली देऊन जायच्या गडबडीत असतो.

उत्तर : किमान तासभर घ्या, तोही उजेडात. आणि आमचं आग्रहाचं सांगणं : पहिली रात्र शहराजवळच काढा. पंप बिघडला, पाइप सुटला, बिजागरी निखळली, तर खानापूर रोडवर उद्यमबागेत वेल्डर, टर्नर, हायड्रॉलिकवाले सगळे आहेत. दांडेलीच्या जंगलात कुणी नाही.

टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. अशा गाड्या उभ्या जास्त असतात, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र वाळून भेगाळलेलं असतं. सहा वर्षांवरचा टायर असेल तर दुसरी गाडी मागा. स्टेपनीचाही आकडा वाचा.

गॅस : सिलिंडरच्या कड्यावर ‘ए-२७’ असं काही असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. ती तारीख उलटली असेल तर सिलिंडर बदलून मागा. नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला तर शेगडी पेटवू नका. गाडी चालताना रेग्युलेटर बंद. थंडी वाजते म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बॅटरीचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. फ्रिज चालू असताना ४ अँपिअर ओढतो आणि अर्धा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ४८ अँपिअर-तास. दोन पंखे रात्रभर २० आणि दिवे-मोबाइल १०. बेरीज ७८. शंभर अँपिअर-तासांची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी ५०च. रोज तीन-चार तास गाडी चालली तर इंजिन ती भरून काढतं. कारवारच्या किनाऱ्यावर गाडी दिवसभर उभी राहते आणि पंखेही लागतात, तिथेच पहाटे फ्रिज बंद पडतो आणि दूध नासतं. त्या दिवशी छतावर सोलर नसेल तर फ्रिज रिकामा करून बंदच ठेवा. इंजिन बंद आणि बॅटरीवर काहीच चालू नसताना व्होल्टमीटर १२.७ दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इन्व्हर्टरवर विजेची किटली लावू नका, ती १,५०० वॉट ओढते.

पाणी : ६० लिटरची टाकी चौघांना दोन दिवस पुरते, तेही अंघोळ गाडीत न केल्यास. पिण्याचं २० लिटरच्या जारमध्ये वेगळं. गाडीची उंची विचारून कागदावर लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा, कमी उंचीच्या कमानीशी आल्यावर आठवत बसू नका. दांडेलीहून कारवारला उतरताना लागणाऱ्या अणशी घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पाण्याने, सामानाने भरलेल्या गाडीचे ब्रेक सतत दाबले की तापतात आणि मग धरत नाहीत.

एक राहिलं. गोव्याहून आलेल्या व्हॅनचे सगळे खण उघडून बघा. आधीच्या गिऱ्हाईकाची विसरलेली बाटली नाक्यावर सापडली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

प्रश्न (हुक्केरी) : कुंदा आणि मांडे दोन्ही व्हॅनमधून न्यायचे आहेत. टिकतील का?

उत्तर : कुंदा दुधाचा, शहर सोडायच्या दिवशीच घ्या आणि दोन-तीन दिवसांत संपवा. गोकाकचा करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) मात्र सहल संपेपर्यंत राहील. मांडे टिकतात, पण पहिल्याच खड्ड्यात त्यांचा चुरा होतो. खणात नको, फ्रिजवरही नको. डबा बिछान्याच्या गादीवर आडवा ठेवा, वर काही ठेवू नका आणि झोपायच्या आधी आठवणीने उचला.