वाचकांचे प्रश्न : आयरिश आडनावांतील ‘ओ’, ‘मॅक’ आणि कारकुनाची लेखणी

प्रश्न : ओब्रायन, ओनील, मॅकार्थी, मॅक्नमारा अशी आडनावे वाचनात येतात. त्यांतील ‘ओ’ आणि ‘मॅक’ म्हणजे नेमके काय? ‘ओ’ असेल तर माणूस आयरिश आणि ‘मॅक’ असेल तर स्कॉटिश, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘ओ’ हे ‘उआ’ या जुन्या शब्दाचे आजचे रूप असून त्याचा मूळ अर्थ नातू. तो पुढे ‘वंशज’ असा रुंदावला. फार पूर्वी आयर्लंडमध्येही माणसाच्या नावापुढे केवळ बापाचे किंवा आज्याचे नाव लागत असे आणि ते दर पिढीला बदलत असे. एखाद्या नामांकित पूर्वजाच्या नावावर ही साखळी थांबली आणि पणतू-खापरपणतूही त्याच पूर्वजाचे नाव लावू लागले, तेव्हा ते आडनाव झाले. इ.स. १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत पडलेला राजा ब्रायन बोरू याचे वंशज ते ओब्रायन. या ब्रायननेच सर्वांना आडनावे घेण्याचा हुकूम काढला अशी दंतकथा पुष्कळ पुस्तकांतून फिरते. परंतु आजच्या गॉल्वे परगण्यातील आय्ने या मुलखाच्या ‘उआ क्लेरी’ अधिपतीच्या मृत्यूची नोंद बखरींमध्ये ९१६ साली आढळते, म्हणजे ब्रायनच्या जन्माआधीच ही रीत सुरू झालेली होती. वंशपरंपरेने चालणारी आडनावे युरोपात इतक्या लवकर फार थोड्या ठिकाणी रुळली.

‘मॅक’ स्कॉटिश हा समज अर्धा खरा आहे. स्कॉटलंडच्या गेलिक (म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या मूळ भाषेतील) आडनावांत ‘ओ’ जवळजवळ दिसत नाही, हे बरोबर; पण ‘मॅक’ आयर्लंडमध्येही तितकाच मुरलेला आहे. मन्स्टरचे मॅकार्थी, क्लेअरचे मॅक्नमारा, फर्मॅनाचे मॅग्वायर ही सारी अस्सल आयरिश घराणी आहेत. ‘एमएसी’ लिहिले की आयरिश आणि ‘एमसी’ लिहिले की स्कॉटिश, ही या समजाची आणखी एक शाखा. तिला तर काडीचाही आधार नाही. ‘एमसी’ हा केवळ लेखनातला संक्षेप आहे आणि जुन्या दप्तरांत एकाच माणसाचे नाव दोन्ही प्रकारे लिहिलेले सापडते.

‘ओ’च्या पुढील वरच्या स्वल्पविरामाबद्दलही एक शब्द. आयरिश लेखनात ‘ओ’वर दीर्घत्व दाखवणारी तिरकी रेघ असते आणि त्यानंतर जागा सोडून पूर्वजाचे नाव येते. इंग्रजी लेखनात ती रेघ सरकून स्वल्पविराम झाली आणि ‘ओ’ हा इंग्रजीतील ‘चा-ची-चे’ दाखवणाऱ्या शब्दाचा तुकडा असावा, असा गैरसमज त्यातून पसरला.

प्रश्न : एन्या या गायिकेचे कुटुंबीय ‘ब्रेनन’ म्हणून ओळखले जातात, पण तिचे आयरिश नाव मात्र ‘नी व्रीनॉन’ असे वाचले. बहीण-भावांची आडनावे वेगळी असतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आडनाव एकच असते, त्याचे रूप वेगळे. ‘ओ’ म्हणजे वंशज (पुरुष), म्हणून मुलीला ते लावता येत नाही. तिच्या नावापुढे ‘वंशजाची कन्या’ या अर्थाच्या शब्दसमूहाचा आक्रसलेला तुकडा ‘नी’ येतो. ‘मॅक’च्या घरातील मुलीला त्याच न्यायाने ‘निक’ लागते. शिवाय ‘नी’मुळे पुढच्या नावाचे पहिले व्यंजन मऊ होते : ‘ब’चा ‘व’, ‘म’चाही ‘व’. एन्याच्या भावांचे आडनाव आयरिशमध्ये ‘ओ ब्रीनॉन’, तिचे ‘नी व्रीनॉन’, आणि इंग्रजीत सर्वांचे ‘ब्रेनन’. भाऊ मर्फी, म्हणजे ‘ओ मुर्खू’ असेल तर बहीण ‘नी वुर्खू’ होते.

लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव घ्यायचे ठरवले तर पुन्हा उपसर्ग बदलतो. ‘अमक्याची पत्नी’ या अर्थाने ‘बान ई’ किंवा ‘बान विक’ लागते आणि व्यवहारात ‘बान’ बहुधा गळून पडते. १९९० ते १९९७ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या मेरी रॉबिन्सन यांचे आयरिश नाव म्हणूनच ‘विक रोबीन’ असे लिहिले जाते. त्यांचे माहेर बर्क. बर्क हे नॉर्मन, म्हणजे बाराव्या शतकात आलेल्या फ्रेंचभाषक सरदारांच्या वळणाचे, आयरिशमध्ये ‘डे बूर्का’. अशा ‘डे’ लागणाऱ्या आडनावांत स्त्री-पुरुष भेद नाही; बाप डे बूर्का, लेकही डे बूर्का.

प्रश्न : जालियनवाला बागेत गोळीबार करणारा डायर आणि त्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर यांची आडनावे मूळची एकच आहेत का? (एक शिक्षक, नागपूर)

उत्तर : नाही; साम्य केवळ ध्वनीचे आहे. ‘डायर’ हे इंग्रजी व्यवसायनाम, कापड रंगवणाऱ्याचे. ‘ओड्वायर’ हे आयरिश ‘ओ डिव्हिर’, म्हणजे टिपररी परगण्यातील किल्नमाना या मुलखाच्या जुन्या घराण्याचे नाव. मायकेल ओड्वायरचा जन्म त्याच टिपररीत १८६४ साली एका कॅथलिक जमीनदार शेतकरी कुटुंबात झाला. ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायर जन्मला त्याच वर्षी, पण तेव्हाच्या हिंदुस्थानातील (आता पाकिस्तानातील) मरी येथे. त्याचे काही शिक्षण कॉर्क परगण्यातील मिडल्टन येथे झाले, त्यामुळे घोळ अधिकच वाढतो. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्सटन हॉलमध्ये उधमसिंगांनी ज्याला गोळ्या घातल्या, तो ओड्वायर. डायर १९२७ सालीच मेला होता. मराठी पाठ्यपुस्तके आणि वर्तमानपत्रे यांत ही दोन नावे एकमेकांच्या जागी इतक्या वेळा पडली आहेत की, वर्गात ती फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावीत असे वाटते.

याच ओघात आणखी एक नाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मलेला, मात्र गेलिक नव्हे तर आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज जमीनदारांपैकी. त्याचे आजोबा मूळचे कॉली. वेस्ली नावाच्या नातेवाइकाची जहागीर १७२८ साली वारशाने मिळाली तेव्हा त्यांनी त्याचे आडनावही घेतले. १७९८ साली घराण्याने ‘वेस्ली’चे जुने, भारदस्त रूप ‘वेलस्ली’ स्वीकारले. आर्थर हिंदुस्थानात आला तो वेस्ली म्हणून. असईला पोहोचेपर्यंत तो वेलस्ली झालेला होता.

प्रश्न : मी डब्लिनमध्ये नोकरी करतो. माझ्या कार्यालयात एका सहकाऱ्याचे आडनाव किंग आणि दुसऱ्याचे कॉनरॉय आहे. दोघेही कॉनेमाराचे असून आपले घराणे मूळचे एकच आहे, असे ते सांगतात. हे कसे शक्य आहे? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : शक्य आहे, आणि कॉनेमारात (आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मुलखात) तर संभवनीयही आहे. मूळ आयरिश आडनाव ‘मॅक कॉनरी’. त्याचे ध्वनीवरून केलेले इंग्रजी रूप कॉनरॉय. पण आडनावाच्या शेवटी ऐकू येणारा ‘री’ हा आयरिश भाषेत राजाला म्हणतात तसाच वाटतो. कोणा लेखनिकाने तो राजाच धरला आणि घराणे किंग झाले. पहिल्याने कान वापरला, दुसऱ्याने शब्दकोश. मात्र इंग्लंडहून आलेले किंगही आयर्लंडमध्ये आहेत आणि कॉनरॉय तर तीन-चार निरनिराळ्या आयरिश आडनावांचे इंग्रजी रूप आहे, तेव्हा दुसऱ्या परगण्यातील किंगला हे लागू करता येणार नाही.

हा प्रकार समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. १४६५ साली डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या इंग्रजी अंमलाखालील भागातील आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावे घ्यावीत, असा कायदा झाला. पर्यायही त्यातच दिलेले होते : सटन किंवा ट्रिम यांसारखे एखादे गाव, पांढरा-काळा-तपकिरी असा रंग, लोहार-सुतारासारखा धंदा, किंवा आचारी, बुधल्या सांभाळणारा (बटलर) असे पद. त्या पट्ट्याबाहेर या कायद्याला कोणी विचारले नाही. खरा बदल झाला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत, जेव्हा गेलिक सरदारांची सत्ता मोडली, जमिनी इंग्रज-स्कॉटिश वसाहतवाल्यांकडे गेल्या, आणि खंडाची पावती, खटल्याचे कागद, सैन्यभरतीची यादी असे सारे दप्तर आयरिश न कळणाऱ्या कारकुनांच्या हाती गेले. ‘ओ’ आणि ‘मॅक’ टाकून द्या असा सरसकट कायदा नव्हता. पण ते लावून फायदा काहीच नव्हता आणि तोटा पुष्कळ होता. ‘ओ’ त्यामुळे अधिक गळाले, ‘मॅक’ त्या मानाने तगले.

कारकुनापुढे मार्ग तीन होते. ऐकू येईल तसे इंग्रजी स्पेलिंग करणे, अर्थ लावून भाषांतर करणे, किंवा जवळपासच्या एखाद्या इंग्रजी आडनावात ते कोंबणे. ‘मॅक अन टीर’ या आडनावात तिन्हींचा खेळ दिसतो. त्यातील मूळ शब्दाचा अर्थ कारागीर, विशेषतः सुतार. पण तोच शब्द ‘मुक्त’ या अर्थानेही वापरला जातो. परिणामी एकाच आडनावाचे कोठे मॅकटीर, कोठे मॅकिंटायर, कोठे कार्पेंटर, तर कोठे फ्रीमन झाले. ‘ओ कुनीन’मध्ये सशाचा शब्द ऐकू आला म्हणून काही घरे रॅबिट झाली, आणि वर्षानुवर्षे शेजाऱ्यांचे विनोद सहन करूनही ते आडनाव टिकून आहे. एय् (आयरिश स्पेलिंगमध्ये चार अक्षरे, उच्चारात जेमतेम एक) या प्राचीन व्यक्तिनामाचे तर एक झाडच वाढले : ‘ओ’ लावून ओहे, हेज आणि उत्तरेत ह्यूज, ‘मॅक’ लावून मॅकह्यू, मगी इत्यादी. ह्यू या इंग्रजी नावाशी एय्-चे काही नाते नाही. ते कोणाला तरी पुरेसे जवळचे वाटले, एवढेच.

गळालेला ‘मॅक’ कधी कधी आपली खूण मागे ठेवतो. त्यातील शेवटचा ‘क’ पुढच्या नावाला चिकटला आणि ‘मॅ’ तेवढा गेला, असे होऊन कीगन, किओ यांसारखी आडनावे बनली. स्वरापूर्वी ‘मॅक’चा कधी कधी ‘मॅग’ होतो. त्यातला ‘ग’ असाच उरला की गिनेस होते. काळ्या बिअरच्या बाटलीवरचे ते नाव म्हणजे ‘मॅग एनस’चा शेपटाकडचा भाग.

उलट दिशेची फसवणूकही लक्षात ठेवावी. नॉर्मन लोक ११६९ पासून आले. त्यांचे ‘फिट्झ’ म्हणजे फ्रेंच वळणाचे ‘मुलगा’, म्हणून फिट्झजेराल्ड नॉर्मन. परंतु फिट्झपॅट्रिक हे दिसायला नॉर्मन असले तरी अस्सल गेलिक ‘मॅक गिला फाड्रिग’, म्हणजे संत पॅट्रिकच्या सेवकाचा वंशज. वॉल्श म्हणजे वेल्सहून आलेला, आयरिशमध्ये ‘ब्रॅनख’. इतके परके मूळ असूनही हे आयर्लंडच्या सर्वांत मोठ्या आडनावांपैकी एक. जन्म-मृत्यू नोंदणी खात्याचे रॉबर्ट मॅथिसन यांनी १८९० सालच्या जन्मनोंदींवरून जो अंदाज बांधला, त्यात मर्फी ६२,६०० असून पहिले, केली ५५,९०० असून दुसरे, सुलिव्हन तिसरे, वॉल्श चौथे आणि स्मिथ ३३,७०० असून पाचवे आहे. ओब्रायनपेक्षा स्मिथ अधिक, हे पाहून इंग्रज वसाहतींचा निष्कर्ष काढण्याची घाई होते. पण त्यांतील पुष्कळसे, विशेषतः कॅव्हन परगण्यातील, मूळचे ‘मॅक गावन’, म्हणजे लोहाराच्या मुलाचे वंशज; इंग्रजीत स्मिथ म्हणजेच लोहार. त्याच यादीत ओकॉनर नसून ‘कॉनर’ आहे. १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाली, आयरिश भाषेचा अभिमान वाढला आणि टाकलेले ‘ओ’ लोकांनी पुन्हा उचलले. म्हणून आज ओकॉनर आणि ओसुलिव्हन अधिक आणि बिनउपसर्गाचे कमी, असे चित्र दिसते. या उचलण्यातही चुका झाल्या. ज्यांचा मूळ ‘मॅक’ होता, अशा काही घरांनी माहितीअभावी ‘ओ’ लावून घेतला.

प्रश्न : आमच्या मालवण तालुक्यातील वराड गावचे मूळ असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. तेथे आपल्यासारखी गावावरून पडलेली आडनावे आहेत का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : गेलिक आडनावांत जवळजवळ नाहीत. जी आहेत ती बहुतेक बाहेरून आलेली : रोच हे वेल्समधील गावावरून, क्युसॅक हे फ्रान्समधील गावावरून. कारण असे की गेलिक समाजात जमिनीवरचा हक्क कुळाकडून येत असे, म्हणून गावाचे नाव माणसाला लागण्याऐवजी पूर्वजाचे नाव मुलखाला लागले. टिरोन म्हणजे ‘ओएनची भूमी’. हा ओएन ओनील घराण्याचा पूर्वज. वराडकरांचे वडील वराडचे, आई वॉटरफर्ड परगण्यातील डन्गार्व्हनची; ते जून २०१७ मध्ये प्रथम पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये कुटुंबासह वराडला येऊन गेले. त्यांच्या आडनावाचे आयरिश रूप कोणी केले नाही, तेही योग्यच.

प्रश्न : माझ्या नातीने आयरिश घरात लग्न केले आहे. तिच्या सासरची वंशावळ शोधायची तर सुरुवात कोठून करावी? (एक आजी, पुणे)

उत्तर : १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांपासून. त्यांची मूळ पत्रके आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्याआधीच्या जनगणना जवळजवळ उरलेल्या नाहीत : काही १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीला लागलेल्या आगीत गेल्या, काही त्यापूर्वी सरकारनेच नष्ट केल्या. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सर्वांसाठी सरकारी नोंद १८६४ पासून आहे. त्याआधी कॅथलिक पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) वह्या आणि ग्रिफिथ यांची जमीन-आकारणी (१८४७ ते १८६४) यांवर भिस्त ठेवावी. आडनावापेक्षा आधी ‘टाउनलँड’, म्हणजे आपल्या वाडीएवढा जमिनीचा सर्वांत लहान विभाग, विचारून घ्या. असे विभाग साठ हजारांहून अधिक आहेत आणि नाव एक, माणसे अनेक, हा पेच त्यांच्यामुळेच सुटतो. शोधताना आडनाव ‘ओ’सह, ‘ओ’शिवाय आणि शक्य त्या सर्व स्पेलिंगांनी टाकून पाहा. १९११ ची काही पत्रके कुटुंबप्रमुखांनी हट्टाने आयरिशमध्ये भरलेली आहेत, म्हणून इंग्रजी रूप सापडले नाही तर आयरिश रूपानेही शोधावे.