पंधरा यार्डांच्या आत

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

इथल्या, विस्कॉन्सिनमधल्या, वसंतातल्या रानटी टर्कीच्या शिकारीचं डी पीरियडचं, म्हणजे हंगामातल्या चौथ्या आठवड्याचं, परमिट तुला मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे मे महिन्यातले सात दिवस, बुधवार ते मंगळवार, आपले. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "काका, साताऱ्याला मी ५० मीटरवरून दहात बाण लावत होते. मग १५ यार्डांवरचा पक्षी एवढा अवघड का?" या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून हे लांबलचक पत्र लिहायला बसलोय.

नेम हा विषय बाजूला ठेवू. तुझा नेम माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे साताऱ्यात सराव करून २०२३ साली बर्लिनला कंपाउंडचे, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे, जगज्जेते झाले, त्याच गावात तू धनुष्य धरायला शिकलीस. त्या बाबतीत मी तुला काही शिकवावं असं उरलेलं नाही. पण मैदानावरचं टार्गेट तुझ्याकडे बघत नव्हतं. टर्की बघतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, जराशी वळवली की मागचंही सुटत नाही. रंगही दिसतात. वास मात्र त्याला फारसा येत नाही, त्यामुळे हरणाच्या शिकारीत वाऱ्याची जी चिंता वाहावी लागते ती इथे नाही. इथे सगळी चिंता हालचालीची.

आणि धनुष्यवाल्याला हालल्याशिवाय गत्यंतर नाही. बंदूकवाला गुडघ्यावर नळी टेकवून झाडाला पाठ लावतो आणि पक्षी समोर आला की फक्त बोट हलवतो. तुला मात्र पक्षी १५ यार्डांवर आल्यावर धनुष्य उचलायचंय, कोपर मागे न्यायचंय, दोरी गालाशी आणायचीय. दोन सेकंदांचं काम, पण त्या दोन सेकंदांत तो तुला बघणार नाही अशी वेळ आधी शोधावी लागते. या शिकारीतली खरी विद्या मला विचारशील तर ती एवढीच: ओढायचं कधी. सोडणं तुला येतंच.

म्हणून आपण लपणात बसणार. तंबूसारखं उघडतं, आतून काळं अस्तर. आत काळाच शर्ट घाल, तोंडावरही काळा बुरखा. पानाफुलांचे कॅमो कपडे आतल्या अंधारात उलट उठून दिसतात. पाठीमागची खिडकी कधीही उघडायची नाही, नाहीतर तुझी सावली पडद्यावरच्या चित्रासारखी दिसते. पुढची एकच फट, आणि तिच्यापासून मागे सरकून बसायचं.

आता त्या खिडकीबद्दल सांगतो, कारण माझ्या हातून जे घडलं ते तुझ्या हातून घडू नये.

माझा तिसरा हंगाम होता. सकाळी आठच्या सुमारास मोठा टॉम, म्हणजे पूर्ण वाढलेला नर, छातीवर वीतभर लोंबणारी दाढी, १२ यार्डांवर येऊन उभा राहिला. मी ओढलं, साइटची पिन, म्हणजे नेम धरायचा काटा, पंखाच्या मुळाशी स्थिर झाली, बाण सोडला. पिनमधून मला पक्षी स्वच्छ दिसत होता. पण नजर पिनमधून जाते आणि बाण तिच्या चार-पाच बोटं खालून जातो. माझ्या नजरेला वाट मोकळी होती, बाणाला नव्हती. खिडकीच्या खालच्या कडेच्या कापडाला तो घासला आणि भलतीकडे वळला. टॉम एका बाजूला कलंडला, उठला, आणि पंख फडफडवत उताराने झाडीत गेला. टर्कीच्या अंगातलं रक्त पिसंच पिऊन टाकतात, जमिनीवर माग जवळजवळ राहत नाही. मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशीही शोधलं. बाभळीसारख्या काटेरी झुडपात गुडघ्यांवर रांगलो. हाती लागली ती मूठभर पिसं. त्या वर्षी मी पुन्हा धनुष्य उचललं नाही, आणि तो टॉम अजूनही कधीकधी पहाटे आठवतो.

तेव्हा आजपासून तुझा सराव स्टुलावर. उभ्याने एकही बाण नको. घरामागे खुर्ची ठेव, समोर दोन काठ्यांना आडवी दोरी बांध, ती खिडकीची खालची कड समज. बाण दोरीच्या वरून गेला पाहिजे. तुझा लांब स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्य स्थिर ठेवणारा पुढचा दांडा, आणि भिंग दोन्ही काढून ठेव, लपणात ती अडतात. पाठीच्या ताणाने सुटणारा स्पर्धेचा रिलीज, म्हणजे दोरी सोडायचा चाप, तोही नको. मनगटाला बांधायचा, बोटाने सुटणारा घे, म्हणजे पक्षी एकदम वळला तर ओढलेलं धनुष्य तू धरून ठेवू शकशील. धनुष्य ओढायचं वजन ४५ पौंडांपर्यंत उतरव. तुला ५५ झेपतं हे माहीत आहे, पण थंडीत दोन तास बसल्यावर, धनुष्य आभाळाकडे न करता, सरळ समोर धरून आवाज न होता ओढता आलं पाहिजे. आणि रुंद पात्याची टोकं लावूनच शेवटचे पंधरा दिवस मार. सरावाच्या टोकाशी जुळवलेली साइट पात्याच्या बाणाला तंतोतंत जुळेलच असं नाही.

आता नेम कुठे धरायचा. फुगलेला टॉम केवढा दिसतो! परातीएवढी शेपूट, टोपलीएवढं अंग. त्यातला निम्माअधिक भाग नुसता पिसांचा असतो. काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती तुझ्या मुठीपेक्षा फार मोठी नाही, आणि नवख्या माणसाला वाटते त्यापेक्षा ती वर आणि मागे असते. बाजूने उभा असेल तर पायांची रेघ वर नेऊन पंख अंगाला जिथे जोडला जातो तिथे धर. समोर तोंड असेल तर दाढी जिथून निघते त्याच्या जरा वर. पाठमोरा असून शेपूट पसरलेली असेल तर पंख्याच्या बुडाशी, सगळी पिसं एकत्र येतात तिथे. छातीच्या मांसात गेलेला बाण त्याला जागीच मारत नाही. शक्यतो फुगलेल्या पक्ष्यावर बाण सोडूच नको. मी हलकेच एक साद काढीन, तो मान वर करील, पिसं अंगाला चिकटतील आणि खरा पक्षी केवढा आहे ते तुला दिसेल. मान कापायची मोठी पातीही दुकानात मिळतात. मला ती पसंत नाहीत. हलत्या डोक्यावर पैज लावल्यासारखं आहे ते.

ओढायची वेळ डिकॉयवरून, म्हणजे भुलवायला ठेवलेल्या खोट्या पक्ष्यावरून, ठरते. मादीचा डिकॉय आणि वर्षाच्या पोरसवदा नराचा, ज्याला इथे जेक म्हणतात, असे दोन आपण लपणापासून सात-आठ यार्डांवर ठेवू. जेकचं तोंड आपल्याकडे. मोठा टॉम भांडायला येतो तेव्हा जेकच्या समोर जाऊन त्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो. म्हणजे त्याची पाठ आपल्याकडे आणि उभारलेल्या शेपटीच्या आड त्याचं डोकं. ती तुझी दोन सेकंदं. त्याच्याबरोबर दुसरे पक्षी असतील तर त्यांचेही डोळे मोजायचे. एक मादी जरी तुझ्याकडे बघत असली तर थांब. तिने "पट्, पट्" असा तुटक आवाज काढला की सगळा खेळ आटोपला, सगळे निघून जाणार. जाऊ दे त्यांना. तू ओढून धरलंस, कोन जमला नाही आणि हळूच दोरी परत सोडलीस, तर त्या दिवशी मी तुझ्यावर जास्त खूश असेन.

ऋतू वसंतातला का, तेही सांगतो. एप्रिल-मे हा त्यांच्या जुगण्याचा काळ. नर अनेक माद्यांशी जुगतो, अंडी उबवणं, पिलं सांभाळणं हे सगळं मादीचं. त्यामुळे काही नर गेले तरी पुढच्या पिढीला धक्का बसत नाही. म्हणून वसंतात परवानगी दाढीवाल्या पक्ष्याची असते. क्वचित मादीलाही दाढी असते आणि नियमाने तीही चालते, पण आपण मादीवर बाण सोडायचा नाही. ती बहुधा अंड्यांवरून उठून आलेली असते.

पहाटे साडेचारला आपण आत बसलेले असू. झुंजूमुंजू व्हायच्या आधी घुबड घुमतं आणि त्याला झाडावरूनच टॉम उत्तर देतो. भरलेली घागर एकदम पालथी केली की पाणी गडगडत बाहेर पडतं, तसा आवाज. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा अंगावर काटा येईल. तो जवळ आला की आणखी एक आवाज असतो, खोल घरघर, दूर घाटात ट्रक चढतोय अशी. ती कानापेक्षा छातीत जाणवते. साद मी घालीन, तोंडातल्या पडद्याच्या शिट्टीने, म्हणजे हात मोकळे. सारखी साद घालायची नसते. निसर्गाचा रिवाज असा की नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण त्याला उलटं करायला सांगतोय. म्हणून तो पुष्कळदा साठ यार्डांवर थांबतो, फुगतो, फेऱ्या मारतो आणि 'तूच ये' म्हणून वाट बघतो. अशा वेळी गप्प बसणं हेच उत्तर. नऊनंतर जंगल शांत झालं, की नवशिके डबा उघडतात आणि घरी जातात. माद्या घरट्यांकडे निघून गेल्यावर एकटा पडलेला टॉम दहाच्या सुमाराला, न ओरडता, पावलं न वाजवता येतो. माझे तीन पक्षी याच वेळेचे आहेत.

तू आईला काय सांगायचं असं विचारलंयस. तिला सांग की ज्या व्हर्नन काउंटीत आपण जातोय तिथे शंभर वर्षांपूर्वी एकही टर्की नव्हता. जंगलतोड आणि बेबंद शिकार यांनी विस्कॉन्सिनमधला रानटी टर्की संपवला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून बघितले, ते जगले नाहीत. शेवटी १९७६ साली मिझुरी राज्याकडून पकडलेले रानटी पक्षी आणले, बदल्यात इथले ग्राउस नावाचे रानपक्षी दिले, आणि पहिले टर्की याच काउंटीत सोडले. सात वर्षांनी, १९८३ला, पहिला वसंत हंगाम झाला. आज ते राज्यभर आहेत. अमेरिकेत बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७ सालच्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवला, १९७२ला त्यात धनुष्य-बाणही आले. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. आपल्याकडे भारतात त्याच १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे १९९१च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारंही बंद झाली. आपल्या जंगलांवरचा ताण बघता तेच योग्य होतं असं मी मनापासून मानतो. इथे शिकलेलं काहीही गावी करायचं नाही, सश्यावरसुद्धा नाही.

येताना तुला किकापू नदीच्या खोऱ्यातला अर्धवट धरणाचा मनोरा दाखवीन. शेतकऱ्यांना उठवून जमिनी घेतल्या, बांधकाम निम्मं झालं आणि १९७५ला थांबलं. आता तिथे राखीव जंगल आहे, हो-चंक या इथल्या मूळ रहिवाशांच्या बरोबरीने त्याची व्यवस्था चालते. आमच्या आज्याचं घर कोयना धरणाच्या शिवसागरच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे त्या मनोऱ्यापाशी मी दरवर्षी थोडा वेळ उभा राहतो. पाणी न आलेलं खोरं कसं दिसतं ते तिथे बघायला मिळतं.

बाकीचं भराभर. शिकारीचा कोर्स तुला अजून करायचाय, पण मार्गदर्शक हाताच्या अंतरावर असेल तर त्याशिवायही चालतं, आणि मी शेजारीच असेन. लाल, पांढरा, निळा यातला कुठलाही रंग अंगावर नको, मोजासुद्धा नाही. टॉमचं डोकं त्याच तीन रंगांचं असतं आणि रानात दुसरे शिकारी असतात. ओरडणाऱ्या पक्ष्याच्या मागे चालत जायचं नाही, ते ओरडणं माणसाचंही असू शकतं. कोणी समोर दिसलं तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचं. पायजम्याचे पाय मोज्यात खोच, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मार. मे महिन्यात गोचिडी खसखशीएवढ्या असतात आणि लाइमचा आजार वाईट.

पक्षी मिळाला तर त्याच दिवशी नोंदवायचा आणि घरी न्यायचा. छातीचं मांस कोरडं होतं, त्याचे पातळ तुकडे करून झटपट परतायचे. तंगड्या मात्र कुकरला, सुकं खोबरं आणि कांदा-लसूण मसाला घालून, गावठी कोंबड्यापेक्षा दुप्पट वेळ. पायात काडीसारख्या ताठ शिरा असतात, शिजल्यावर त्या एकेक ओढून काढाव्या लागतात. तुझी काकू ते बसून करते. पक्ष्याच्या गळ्याजवळची दाण्याची पिशवी मी नेहमी उघडून बघतो. मागच्या खेपेला आत कोवळी पानं, मक्याचे दाणे आणि चार गोगलगायी निघाल्या.

आपला आठवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी चारला मॅडिसनला तुला घ्यायला येतो. संध्याकाळी टर्की कुठल्या झाडावर बसतात ते ऐकायचंय, त्यामुळे उशीर नको. तुझं स्टूल घेऊन ये, ज्यावर सराव केलास तेच.

तुझा,
काका