राजकारण्याचे मधले नाव मुद्दाम घेण्यामागे वैर असते की आदर?

‘बराक हुसेन ओबामा’ हे जर त्यांचे खरेच नाव आहे, तर ते पूर्ण घेतल्यावर अमेरिकेत लोक का संतापत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते विखार नावात नसतो. एरवी गाळला जाणारा शब्द कोण, कुठे आणि कोणासमोर उच्चारतो, यात तो असतो.

फेब्रुवारी २००८मध्ये सिनसिनाटी येथे रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेल्या जॉन मॅकेन यांच्या सभेत, ते व्यासपीठावर येण्यापूर्वी, बिल कनिंगहॅम या रेडिओ निवेदकाने ओबामांचा उल्लेख पुन्हा पुन्हा तिन्ही नावांनिशी केला. सद्दाम हुसेनला फाशी होऊन तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते, इराकमधील युद्ध चालूच होते आणि ओबामा छुपे मुसलमान असल्याची अफवा पसरवली जात होती. त्यामुळे त्या एका शब्दातून काय सुचवायचे आहे, हे श्रोत्यांना वेगळे सांगण्याची गरजच नव्हती. मॅकेन यांनी त्याच दिवशी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. मात्र २० जानेवारी २००९ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेताना ओबामांनी स्वतः तेच पूर्ण नाव उच्चारले, आणि तेथे ते परंपरेला धरून व रुबाबदार वाटले.

उलट जॉन फिट्झजेराल्ड केनेडी किंवा फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट अशी नावे पूर्ण घेतली, की भाषणाला आपोआप स्मारकाचा भारदस्तपणा येतो. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे ‘मिलहाउस’ मात्र टीकाकारांना थट्टेसाठी सोयीचे वाटे. (गंमत म्हणजे ही तिन्ही मधली नावे त्यांच्या आईच्या माहेरची आडनावे आहेत.)

आपल्याकडे मधल्या जागी वडिलांचे नाव असल्यामुळे ते घेण्यात सहसा कोणाला खोच दिसत नाही. सातबाऱ्यापासून शपथविधीपर्यंत तेच लागते. आपल्याकडे घाव बसतो तो ते नाव बदलल्यावर. फेब्रुवारी २०२३मध्ये काँग्रेसचे पवन खेरा यांनी पत्रकार परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या नावातील ‘दामोदरदास’च्या जागी ‘गौतमदास’ म्हटले, तेव्हा रोख उद्योगपती गौतम अदानींवर होता. पण दुखावणारा भाग वडिलांच्या नावाचा होता. खेरा यांना दिल्ली विमानतळावर विमानातून उतरवून अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी अंतरिम जामीन दिला.