आतल्या खोलीसाठी दुसरी सिस्टीम: टॉवर हॉलमध्येच राहू द्या

तुमचा प्रश्न मला असा समजला: घोडबंदर रोडला नव्या इमारतीत फ्लॅट आहे, हॉलमध्ये ॲम्प्लिफायर आणि टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर आहेत, आता दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये दुसरी सिस्टीम हवी आहे. पहाटे वडील शास्त्रीय आणि अभंग ऐकणार, रात्री तुम्ही. बजेट पन्नास हजार. घरच्यांचं मत असं की जुने टॉवर आत न्यावेत आणि नवीन काय ते हॉलसाठी घ्यावं.

टॉवर आत नेऊ नका. पैसे वाचल्यासारखे वाटतील, पण त्या खोलीत गाणं ऐकवणार नाही. याचं कारण सोपं आहे, आणि एकदा ते लक्षात आलं की काय घ्यायचं तेही बरंचसं ठरून जातं.

कुठल्याही खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक खालचे स्वर अडकून घुमतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की पहिला घुमणारा स्वर मिळतो. तुमच्या खोलीच्या दहा फुटांत तो 56 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 56 कंपनांच्या आसपास येतो, अकरा फुटांत 51, आणि छत साडेनऊ फुटांवर धरलं तर 59. म्हणजे तिन्ही दिशांचे घुमे एकाच जागी गर्दी करून बसले आहेत. बेस गिटारची ए तार बरोबर 55 हर्ट्झला वाजते. सिनेमाचं गाणं लावलंत की दर दोन-चार सुरांनंतर एक सूर फुगून कानावर येईल आणि बाकीचे मागे राहतील. टॉवर स्पीकर हा भाग जोरात वाजवण्यासाठीच बनवलेले असतात. मोठ्या हॉलमध्ये ते शोभतात, कारण तिथे हे घुमे आणखी खाली जातात आणि विखुरतात.

नव्या इमारतींत आणखी एक अडचण असते. घोडबंदर, खारघर, उलवे, सगळीकडे आता मायवान पद्धतीचं बांधकाम दिसतं. भिंती अखंड काँक्रीटच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर गुळगुळीत छत. टाळी वाजवून पाहा, मागे बारीक झणझणाट ऐकू येईल. पलंगाची गादी आणि जाड पडदे वरचे स्वर बऱ्यापैकी शोषतात. बेसला, म्हणजे खालच्या स्वरांना, मात्र त्यांचा काही अडसर होत नाही. स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांच्यामध्ये एक जाड सतरंजी टाका. शब्द लगेच स्वच्छ होतात, आणि दुकानात कोणी त्याच पैशात विकेल त्या कुठल्याही केबलपेक्षा हा फरक मोठा असतो.

खोलीत लोखंडी कपाट असणारच. ठरावीक स्वराला ते थरथरून वाजतं. तो स्वर शोधायची तयारी स्पीकर आणण्याआधीच करा. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं ॲप घ्या, तो आवाज हॉलमधल्या सिस्टीममधून लावा आणि 40 पासून 120 हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकवत न्या. हॉलमधल्या वस्तूंवर आधी सराव करा: शोकेसची काच, देव्हाऱ्यातली घंटा, ट्यूबलाइटची पट्टी, प्रत्येक वस्तू आपापल्या आकड्याला थरथरते. नवे स्पीकर आले की तेच आत करा. आमच्याकडे कपाटाचं दार एका ठरावीक स्वराला झर्र वाजायचं. आतल्या दांडीवरचे रिकामे हँगर काढले, दाराच्या कडेला फेल्टच्या दोन चकत्या चिकटवल्या, आवाज बंद झाला. हे केलं नाही तर तुम्ही स्पीकर फाटला असं समजून दुकानदाराकडे परत घेऊन जाल.

आता मुख्य गोष्ट. तुमची दुसरी सिस्टीम पहाटे आणि रात्री वाजणार आहे, म्हणजे कायम हळू आवाजात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा 55. नियम बाजूला ठेवला तरी शेजारी आहेत, आणि काँक्रीटमधून बेस भिंतीपलीकडे सहज जातो. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर बाकीच्या स्वरांपेक्षा कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून मांडलं. त्यामुळे दुकानात दणदणीत लावल्यावर भारदस्त वाटलेला स्पीकर घरी पहाटे पाचला कोरडा आणि पातळ वाटतो. पुष्कळ लोक इथेच निराश होतात आणि मग सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर आणतात. तुमच्या खोलीत सबवूफर नको. 51 ते 59 ची गर्दी तो आणखी वाढवेल.

म्हणून ॲम्प्लिफायर घेताना टोन कंट्रोल आणि शक्य तर हळू आवाजात बेस उचलून धरणारं लाउडनेसचं बटण बघा. शुद्धतावादी मंडळी या बटणांना नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. हळू आवाजात ऐकणाऱ्यासाठी ती खऱ्या उपयोगाची आहेत. यामाहाच्या ए-एस301 सारख्या ॲम्पवर लाउडनेसची गोल खुंटी असते, आवाज कमी केला तरी तंबोरा आणि डग्ग्याचं वजन टिकवता येतं. वॅटच्या आकड्यांत अडकू नका. एका वॅटला एका मीटरवर 85 डेसिबल देणारा साधारण स्पीकर दहा वॅटला 95 डेसिबल देतो, आणि तुम्ही बसणार दीड-दोन मीटरवर. पंचवीस-तीस चांगले वॅट पुष्कळ झाले.

स्पीकर छोटे घ्या. चार ते सव्वापाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा गोल) बुकशेल्फ स्पीकर, शक्यतो बंद पेटीचे, नाहीतर पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, समोरच्या बाजूला असलेले. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवला की बेस गढूळ होतो, आणि दहा बाय अकराच्या खोलीत भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवायला जागा असते कुणाकडे? बंद पेटीचा बेस खाली जाताना हळूहळू उतरतो, मागची भिंत त्याला थोडा आधार देते, आणि दोन्ही मिळून जमून येतं. छोट्या पेटीतून गाणं अपुरं वाटेल अशी शंका असेल तर बीबीसीचा एलएस3/5ए आठवा. 1970 च्या दशकात त्यांनी बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत ऐकण्यासाठी हा जेमतेम फूटभर उंचीचा, बंद पेटीचा स्पीकर तयार केला. गाडीतली जागा तुमच्या खोलीपेक्षाही अरुंद. माणसाचा आवाज त्यात इतका खरा येतो की आजही लोक तो शोधत फिरतात. तुम्ही तोच घ्यावा असं मी म्हणत नाही, तो बजेटबाहेर जाईल, पण रस्ता तो आहे.

वडिलांच्या गाण्याचं काय होईल याचाही हिशेब सांगतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 69. चांगला पाच इंची वूफर मागच्या भिंतीच्या आधाराने तिथपर्यंत पोचतो. गायकी, हार्मोनियम, तबला, सगळं त्याच्या आवाक्यात येतं. जे सुटतं ते नेमकं त्या घुमणाऱ्या पट्ट्याच्या आसपासचं, आणि या खोलीत ते सुटलेलंच बरं.

ऐकून घेताना दुकानदाराला आवाज इतका कमी करायला सांगा की तुम्ही दोघं सहज बोलू शकाल. तुमच्या सवयीचं रेकॉर्डिंग न्या, वडिलांना बरोबर न्या. तंबोऱ्याच्या जवारीचा तो सतत चालणारा बारीक झंकार गाण्याच्या मागे ऐकू येतो का? अभंगाचे शब्द कान न देता कळतात का? डग्ग्याची मींड सरकते की नुसता धप्प आवाज येतो? गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात माइकवरून ऐकलेला तंबोरा मोजायला धरू नका, घरगुती बैठकीत दोन हातांवरून ऐकलेला आठवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर शनिवार टाळा, गर्दीत कोणी हळू आवाजात ऐकू देत नाही.

पैशांची वाटणी मी अशी करेन: अर्ध्याहून थोडे जास्त स्पीकरवर, पंधरा हजारांच्या आसपास ॲम्पवर, उरलेले स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र), स्टँड आणि सतरंजीवर. जुन्या बाजारात चांगला ॲम्प मिळाला तर वाटणी आणखी सुधारते. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात काय टिकतं ते बघून घ्या. वूफरच्या कडेची गोल पट्टी टॉर्च लावून पाहा. रबराची असेल तर उत्तम. फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होते, बोट लावलं की काळा चुरा हाताला येतो. तसा स्पीकर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. ॲम्पचा आवाज हळू ठेवून खुंटी फिरवा, खरखर आली तर बहुतेकदा ती साफ करून घेता येते. बॅलन्सची खुंटी एकदा पूर्ण डावीकडे, एकदा उजवीकडे करून दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते ऐका.

वडिलांसाठी एक विनंती. त्यांना मोबाइल हातात घेऊन ॲप उघडायला लावू नका. रिमोटवर ठरावीक स्टेशनची बटणं असलेला स्ट्रीमर घ्या आणि पहिल्या बटणावर आकाशवाणीची रागम वाहिनी लावून ठेवता येते का ते खरेदीआधी तपासा. 2016 पासून ती चोवीस तास शास्त्रीय संगीत देते. माझ्या आईची अशीच सोय केली आहे. ती उठते, एक बटण दाबते, चहा ठेवायला जाते. कोणाला हाक मारावी लागत नाही. तुमची दुसरी सिस्टीम रोज वाजेल की धूळ खाईल, हे माझ्या मते वूफरपेक्षा या बटणावर जास्त ठरेल.

जागा ठरवताना पलंगाची उशाची बाजू विचारात घ्या. भिंतीला टेकून बसलं की बेस सर्वांत जास्त ऐकू येतो, खोलीच्या मधोमध सर्वांत कमी. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे खुर्ची ठेवली तर मधला तोल सापडतो. दोन्ही स्पीकर कोपऱ्यांपासून दूर, बसल्यावर कानाच्या उंचीला, आणि त्यांच्यातलं अंतर तुमच्यापासूनच्या अंतराइतकं. मायवानच्या भिंतीत खिळा ठोकायच्या भानगडीत पडू नका, सोसायटीला विचारावं लागेल आणि भिंतीला टांगलेला स्पीकर शेजाऱ्यांनाही गाणं ऐकवेल. जड स्टँड, त्याखाली रबराच्या चकत्या, एवढं बास.

वायर म्हणाल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर तीन मीटरसाठी उत्तम चालते. लॅपटॉप जोडल्यावर घूं असा आवाज आला तर आधी चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष स्पीकरमध्ये नाही, अर्थिंगच्या जोडणीत आहे. लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.