नवं रिव्हॉल्व्हर कारखान्यातून स्वच्छच यायला हवं ना? नळीत काजळी दिसली, दुकानदाराने वापरलेलं गळ्यात मारलं का?

बहुतेक नाही. विकण्याआधी प्रत्येक हत्याराची चाचणी होते, नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून. त्यात टिकलं की त्यावर प्रूफचा, म्हणजे चाचणी पास झाल्याचा शिक्का बसतो. त्यामुळे नळीत आणि सिलिंडरच्या घरांच्या (जिथे काडतुसं बसतात त्या खाचांच्या) तोंडाशी थोडी काळी राख असणारच. वरचा चिकट थर म्हणजे गोदामात गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल. ते वंगण नव्हे, पुसून काढायचं.

मी साताऱ्याचा, फौजेत सोळा वर्षं काढली. आमच्या अपशिंगे मिलिटरी गावाकडच्या कुठल्याही जुन्या जवानाला विचारा, नवं हत्यार हातात आलं की आधी चिंधी आणि नळी पुसायचा गज शोधेल. माझं स्वतःचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा चिंधी पहिल्या तीन वेळा डांबरासारखी काळी निघाली, चौथ्यांदा राखाडी. मात्र एका घरात पितळेचा बारीक कीस सापडला, तो काही चाचणीचा नव्हे, निव्वळ निष्काळजीपणा. इतके पैसे ओतल्यावर एवढं तरी पुसून द्यावं की!

आधी सगळी घरं रिकामी आहेत ना बघा, मग पुसा, हलकं तेल द्या. ग्लॉकच्या नव्या पिस्तुलातलं तांबूस वंगण मात्र ठेवायचं असतं, कंपनीच तसं सांगते. काजळी चालेल, पण गंजाचे ठिपके किंवा ओरखडे दिसले तर पावतीसह सरळ दुकान गाठा. आणि साताऱ्याच्या पावसात चामडी म्यानात ठेवू नका, ओल धरते.