मतदार यादीतले नाव

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र दोनदा वाचले. कोणत्याही पक्षाचे सभासदत्व न घेता प्रत्येक निवडणुकीत उमेदवार आणि प्रश्न पाहून मत ठरवण्याची तुझी पद्धत तू त्यात मोकळेपणाने सांगितली आहेस आणि तिच्यामुळे होणारी अडचणही. पाणी, कचरा, रस्ते यांविषयी बोलायला गेलीस की आधी ‘तुम्ही कोणाकडून?’ असे विचारले जाते आणि ‘कोणाकडूनच नाही’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याचे लक्ष उडते. तेव्हा एखाद्या पक्षात जावे का, असा तुझा प्रश्न आहे.

विचार पटत असेल तर अवश्य जावे. पक्षात राहून प्रामाणिकपणे काम करणारी अनेक माणसे मी पाहिली आहेत आणि पक्षांविना मोठ्या समाजाचा कारभार चालेल असे मला वाटत नाही. परंतु केवळ आपले ऐकले जावे म्हणून जाऊ नये. पक्षातल्या माणसाचे ऐकले जाते ते नुसत्या बिल्ल्यामुळे नव्हे. कोणती सभा कधी आहे हे त्याला वेळेवर कळते, विषय समजावून सांगणारे कोणीतरी असते, मागच्या वेळी काय ठरले होते हे जुन्या कार्यकर्त्यांच्या लक्षात असते आणि सभेत त्याच्या शेजारी बसायला चार माणसे असतात. पक्षाबाहेरच्या मतदाराला हे सारे स्वतः उभे करावे लागते. बहुतेक जण ते करत नाहीत, आणि मग आपला आवाज पोचत नाही याचा दोष आपल्या स्वतंत्रपणाला देतात.

तुझे पहिले ओळखपत्र तुझ्याकडे आधीच आहे. 1992 च्या 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेची जी व्याख्या केली, ती गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या सर्व व्यक्तींची सभा अशी आहे. म्हणजे तिथे बसण्याचा अधिकार निवडून येण्याने मिळत नाही, पक्षाच्या शिफारशीने मिळत नाही; यादीतल्या नावाने मिळतो. शहरांत इतका थेट अधिकार नसला, तरी हरकती व सूचना नोंदवण्याची आणि लेखी निवेदने देण्याची वाट असते. ‘कोणाकडून?’ या प्रश्नाला ‘या प्रभागाची मतदार म्हणून’ हे पूर्ण उत्तर आहे. ते संकोच न करता द्यावे.

मात्र हा अधिकार न वापरला तर काय होते, तेही पाहा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तेवढी माणसे आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे पहिल्या सभेला न आलेल्या शेकडो मतदारांच्या वतीने दुसऱ्या सभेत मोजकी माणसे ठराव करू शकतात, तेही पूर्णपणे नियमात राहून. यात कोणाचा कट असतोच असे नाही. जे नेहमी येतात त्यांच्या हाती निर्णय जातो, एवढेच. म्हणून महिन्यातून एक संध्याकाळ तू या कामासाठी बाजूला काढावीस असे मला वाटते. पाच वर्षांतून एकदा केलेल्या विचारपूर्वक मतदानापेक्षा तिचा उपयोग काही बाबतीत अधिक होईल.

आता वेळेविषयी, कारण नवे लोक सर्वाधिक इथे चुकतात. रस्ता खणलेला दिसला की लोक जागे होतात. पण त्या रस्त्याचा निर्णय अंदाजपत्रकात तरतूद झाली तेव्हाच झालेला असतो, आणि निविदा निघाल्यावर तर त्यात बदल करणे फार कठीण होते. तेव्हा वर्षाचे अंदाजपत्रक तयार होत असतानाचे महिने हे तुझ्या कामाचे खरे महिने समज. त्या काळात दिलेले एक पानी निवेदन, ज्यात काम कोठे हवे, का हवे आणि अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली ते बसते हे लिहिलेले आहे, ते नंतरच्या मोर्चापेक्षा जास्त काम करते. विषयपत्रिका सभेआधी मागून घे आणि शेवटपर्यंत वाच. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही शेवटची ओळ निरुपद्रवी दिसते, पण ज्यांची आधी वाच्यता नको असते असे विषयही कधी कधी तिथूनच येतात. त्यामुळे कंटाळा आला तरी सभा संपेपर्यंत उठू नये.

आधी कागद हाती येणे आणि मग उभे राहून बोलता येणे या दोन गोष्टींनी किती फरक पडतो, याचे मला आवडणारे उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस या कॅन्टनचे, म्हणजे तिथल्या एका घटकराज्याचे आहे. तिथले मतदार दरवर्षी मे महिन्यात उघड्या चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात. सारे प्रस्ताव छापील पुस्तिकेतून त्यांच्याकडे आधीच पोचलेले असतात आणि कोणताही मतदार त्यांना दुरुस्ती सुचवू शकतो. 2006 साली तिथल्या 25 स्थानिक पालिकांचे एकत्रीकरण करून 10 पालिका ठेवाव्यात, असा शासनाचा प्रस्ताव होता. एका मतदाराने 10 ऐवजी 3 अशी दुरुस्ती मांडली आणि सभेने ती स्वीकारली. पुढच्या वर्षी विशेष सभेत त्यावर पुन्हा विचार झाला, निर्णय कायम राहिला आणि 2011 पासून तो अमलात आला. पालिका तीनच असाव्यात की नाही, यावर दुमत असू शकते. पण एका मतदाराची सूचना ऐकून घेण्यासाठी, तोलण्यासाठी आणि पुन्हा तपासण्यासाठी तिथे जागा ठेवलेली होती, हे मला मोलाचे वाटते. आपल्याकडची जागा लहान असेल, पण ती रिकामी सोडू नये.

बोलताना एका सभेत एकच विषय घ्यावा. मी सुरुवातीच्या काळात एकदा सात तक्रारी घेऊन उभा राहिलो होतो. सर्वांनी शांतपणे ऐकले आणि इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ एवढेच एक वाक्य आले. त्यानंतर मी प्रश्न लिहून नेऊ लागलो, त्याची पोच घेऊ लागलो आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याचा विषय आला की माझा प्रश्न व त्याचे उत्तर त्यात आहे का, हे तपासू लागलो. नसेल तर तिथेच दुरुस्ती मागता येते. जे इतिवृत्तात नाही ते सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही. उत्तर टाळले गेले तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो आणि सामान्यतः 30 दिवसांत उत्तर मिळणे बंधनकारक आहे. पण तो पहिला उपाय करू नकोस. आधी संबंधित अभियंत्याला किंवा ग्रामसेवकाला भेटून विचार. बऱ्याच वेळा माहिती दडवलेली नसते, ती कोणी मागितलेलीच नसते.

स्वतंत्र मतदार म्हणजे एकटा मतदार नव्हे, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने ग्रामसभेत बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत ठेवली आणि त्याच्या जोडीला अभ्यासगट चालवला. अभ्यासगटात विषयाचा खल होतो, बाहेरच्या जाणकारांनाही बोलावले जाते. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. जंगलावरचा सामूहिक हक्क 2009 मध्ये त्या गावाला मिळाला, त्यामागे अशी वर्षानुवर्षांची बैठक होती. तुला सर्वसहमती साधेलच असे नाही, पण चार-पाच जणांचा अभ्यासगट नक्की जमेल. त्यात वेगवेगळ्या पक्षांची माणसे असली तर उत्तमच. सांडपाण्याच्या प्रश्नावर तुझ्याबरोबर असलेला माणूस बांधकाम परवानग्यांच्या प्रश्नावर तुझ्याविरुद्ध असेल. त्याच्याशी बोलणे तोडू नकोस.

दोन मोह तुझ्या वाटेत येतील. एक म्हणजे ‘सगळे सारखेच’ असे म्हणून सर्वांपासून सारखे अंतर ठेवणे. हा स्वतंत्रपणा नाही, आळस आहे. माणसे सारखी नसतात आणि कोणी कोणत्या ठरावावर काय भूमिका घेतली याची नोंद ठेवली की फरक दिसू लागतो. अशी वही तू आजच सुरू कर, मतदानाच्या वेळी तीच तुला उपयोगी पडेल. दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. तू नियमित येतेस, कागद वाचतेस हे दिसले की एखादा प्रतिनिधी तुझ्या गल्लीचे काम चटकन करून देईल. काम घ्यावे, आभारही मानावेत. पण नंतर शेजारच्या वस्तीचा प्रश्न आला की गप्प बसणार असशील, तर तू पक्षात न जाताच कोणाची तरी झालीस असे होईल. ग्रामपंचायतीच्या निवडणुका महाराष्ट्रात पक्षचिन्हांवर होत नाहीत, तरीही पॅनेल असतात, गट असतात, उपकारांची देवघेव असते. बांधले जाण्यासाठी पक्षच लागतो असे नाही.

तुझ्या भागातल्या पुढच्या सभेची विषयपत्रिका हाती आली की तिची एक प्रत मलाही पाठव. गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकातली पाणीपुरवठ्याची पाने मिळाली तर तीही जोड. तरतूद किती होती आणि खर्च किती झाला, हे दोन रकाने आपण शेजारी ठेवून वाचू, म्हणजे तुला विचारायचा प्रश्न त्यातूनच सापडेल.

तुझा हितचिंतक