रिव्हर्ब कानात घ्या, ट्रॅकवर नको

घरचा स्टुडिओ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी भावगीतं आणि अभंग गाते. घरी दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आहे, कंडेन्सर माइक आहे, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करते. अडचण अशी की हेडफोनमध्ये रिव्हर्ब (आवाजामागचा घुमारा) नसला तर आवाज इतका कोरडा वाटतो की सूर लावायलाच भीती वाटते, आणि सॉफ्टवेअरमधून रिव्हर्ब लावला तर आवाज उशिरा येतो आणि ताल सुटतो. म्हणून मध्यंतरी घरातला जुना कराओके मिक्सर मध्ये लावला, त्याचा इको नॉब अर्ध्यावर ठेवला आणि तिथून इंटरफेसमध्ये घेतलं. गाताना मजा आली, पण मिक्सिंग करणारा मुलगा म्हणतो की यात आता काही करता येणार नाही. खरंच नाही का? (एक गायिका, सांगली)

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतोय. रिव्हर्ब एकदा आवाजाबरोबर रेकॉर्ड झाला की 'विठ्ठल'मधल्या शेवटच्या 'ल'ची शेपटी पुढच्या शब्दावर पडलेली असते, ती कापायला जावं तर पुढचा शब्दही कापला जातो. रिव्हर्ब काढणारे प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे छोटे प्रोग्राम) आहेत, पण ते बोलण्याच्या रेकॉर्डिंगला जरा बरे, गाण्यात आवाजाचा कसच घालवतात. मीही हे करून बसलोय, एका ओळखीच्या कुटुंबासाठी आरत्या रेकॉर्ड केल्या आणि मिक्सरचा एफएक्स (इफेक्टचा) नॉब बंद करायचा विसरलो, मग सगळ्या परत गाऊन घेतल्या. दुसऱ्या वेळी आजींचा घसा बसलेला होता, ते अजून ऐकवतात मला.

तर मिक्सर काढा मधून. माइक थेट इंटरफेसला. आता उशिराचं बघू. तुमचा आवाज इंटरफेसमधून कॉम्प्युटरात जातो, तिथे बफर नावाच्या छोट्या रांगेत थांबतो, मग प्लगिनमधून फिरून परत बाहेर येतो. ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, सॅम्पल) बफर ५१२ सॅम्पल असेल तर एका बाजूने जवळजवळ १०.७ मिलिसेकंद, येताना परत तेवढेच, वर ड्रायव्हर आणि इंटरफेसचे स्वतःचे थोडे, म्हणजे झाले वीसच्या पुढे. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला सात मीटर लांबून ऐकू आल्यासारखा, मग ताल सुटणारच ना. बफर १२८ केला तर एका बाजूचे २.७ मिलिसेकंद होतात, ते चालतं, पण जुना लॅपटॉप असेल तर लगेच चरचर सुरू होते. विंडोजवर असाल तर आधी इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाकलाय ना ते बघा, अर्ध्या लोकांचं दुखणं तिथेच असतं.

पण तुमच्यासाठी याहून सोपी युक्ती आहे आणि ती का कोण जाणे, फार कुणी सांगत नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते चालू करा. त्यातून तुमचा आवाज कॉम्प्युटरात न फिरता सरळ हेडफोनमध्ये येतो, उशीर नाही म्हटलं तरी चालेल, फक्त कोरडा येतो. आता रीपरमध्ये आवाजाच्या ट्रॅकचं मॉनिटर चालू ठेवा, पण त्याच्या राउटिंगमध्ये जाऊन मास्टर सेंडची (मुख्य आउटपुटकडे जाणाऱ्या रस्त्याची) टिक काढा आणि 'रिव्हर्ब' नावाचा दुसरा ट्रॅक करून तिकडे सेंड टाका, म्हणजे आवाज तिकडे वळवा. त्या ट्रॅकवर रीपरबरोबरच येणारा रीआव्हर्बेट लावा, ड्रायची (कोऱ्या आवाजाची) पट्टी पूर्ण खाली, फक्त वेट (घुमारा) ठेवा. झालं. कानात तुमचा खरा आवाज वेळेवर येतो आणि कॉम्प्युटरातून फक्त रिव्हर्ब येतो, तो वीस मिलिसेकंद उशिरा आला तरी काही बिघडत नाही, कारण खऱ्या दालनातही आधी आवाज आणि मग त्याचा घुमारा अशीच गंमत असते. मिक्सिंगवाले तर मुद्दाम २० ते ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (आवाज आणि रिव्हर्ब यांच्यातली फट) लावतात, शब्द स्वच्छ कळावेत म्हणून. तुमची लेटन्सी (हा उशीर) फुकटात प्री-डिले झाली! आणि ट्रॅकवर रेकॉर्ड होतो तो कोराच आवाज, कारण रीपर मुळात इनपुटच रेकॉर्ड करतं, दुसऱ्या ट्रॅकवरचा रिव्हर्ब त्यात येत नाही. फक्त 'इनपुट एफएक्स' म्हणून जी जागा आहे तिथे काही टाकू नका, तिथलं मात्र छापलं जातं.

दोन बारीक गोष्टी. मास्टर सेंडची टिक काढली नाही तर एकच आवाज दोनदा येतो, एक वेळेवर आणि एक मागून, पिंपात तोंड घालून गायल्यासारखं वाटतं. आणि गाऊन झाल्यावर ऐकताना ती टिक परत लावा, नाहीतर नुसता रिव्हर्ब ऐकू येईल आणि तुम्ही माइक बिघडला म्हणून दुकानात जाल. डायरेक्ट मॉनिटर चालू केल्यावर आवाज एकाच कानात आला तर इंटरफेसवर मोनो-स्टीरिओची सोय कुठे आहे ते शोधा, मोनो करा.

रिव्हर्ब किती? गाताना हवा तेवढा घ्या, दोन सेकंदांचा घ्या, कुणी बघत नाही. शेवटच्या मिक्समध्ये भावगीताला मी दीड सेकंदाच्या पुढे सहसा जात नाही आणि रिव्हर्बच्या आधी इक्वलायझर लावून २५० हर्ट्झच्या खालचं कापतो, नाहीतर हार्मोनियमच्या खालच्या सुरांची नुसती खिचडी होते.

इंटरफेस बदलायचाच असेल कधी तर आतच रिव्हर्ब असलेलेही मिळतात. स्टाइनबर्गच्या यूआर २२सीमध्ये आहे, यामाहाच्या एजी ०३मध्ये आहे. एजी ०३ घेतलात तर कॉम्प्युटरला काय पाठवायचं त्याचा एक स्विच आहे त्यावर, तो ड्रायवर ठेवा, म्हणजे कानात रिव्हर्ब आणि ट्रॅकवर कोरा. पण वरची युक्ती जमली तर पैसे वाचवा आणि खोलीत जाड पडदे लावा, त्याचा फायदा जास्त.

प्रश्न : दादा, माझ्याकडे गिटारचा रिव्हर्ब पेडल आहे, भारी वाजतो. आधी रेकॉर्ड केलेला आवाज त्यातून पाठवून परत रेकॉर्ड करायचाय. इंटरफेसला मागे दोनच आउटपुट. मी केबल लावली तर अशी शिट्टी वाजली की आई किचनमधून धावत आली. (कॉलेजकुमार, पनवेल)

उत्तर : आईला आधी सॉरी म्हण. शिट्टी वाजली कारण तुझा डायरेक्ट मॉनिटर चालू होता. बऱ्याच छोट्या इंटरफेसमध्ये तो इनपुटचा आवाज हेडफोनबरोबर मागच्या आउटपुटलाही पाठवतो, म्हणजे पेडलमधून आलेलं परत पेडलमध्ये, गोल गोल. तो बंद कर. शिवाय ज्या नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करतोयस त्याचंही मॉनिटर बंद कर, दोन्ही बंद पाहिजेत.

मग आवाजाचा ट्रॅक डाव्या आउटपुटला पाठव, तिथून केबल पेडलच्या इनपुटला, पेडलचा आउट इंटरफेसच्या इनपुटला, आणि त्या इनपुटचं इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं हवं. पेडलचा मिक्स नॉब पूर्ण वेटवर. आता महत्त्वाचं, इंटरफेसचा आउट लाइन लेव्हलचा असतो आणि पेडलला सवय गिटारच्या बारीक सिग्नलची, तेव्हा ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वीसेक डीबी खाली घेऊन सुरुवात कर आणि हळूहळू वर ने, फाटायला लागला की थांब. यासाठी रीअॅम्प बॉक्स नावाची डबी मिळते, ती लेव्हल आणि इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) दोन्ही जुळवते, पण एका गाण्यासाठी घेऊ नकोस. गुंऽऽ असा आवाज आला तर पेडल अॅडाप्टरऐवजी बॅटरीवर चालव आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बघ.

दोनच आउटपुट असल्यामुळे रेकॉर्ड होताना नीट ऐकता येणार नाही, ते सोडून दे, मीटरकडे बघत बस. गाणं संपलं तरी लगेच स्टॉप दाबू नकोस, शेपटी पूर्ण विरू दे. हे सगळं वेगळ्या ट्रॅकवर येईल, कोरा आवाज जागच्या जागी राहील. मग दोन्ही फेडर हातात. पुढे कधी चार आउटपुटचा इंटरफेस आला तर रीपरमधला रीइन्सर्ट वापर, तो पेडल प्लगिनसारखा ट्रॅकवरच बसवतो आणि उशीर किती झाला तेही स्वतः मोजतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या जिन्यात टाळी वाजवली तरी देवळातल्यासारखी घुमते. तो घुमारा रेकॉर्डिंगमध्ये आणता येईल का, की हा म्हातारपणीचा उद्योग म्हणून सोडून देऊ? (निवृत्त वाचक, डोंबिवली)

उत्तर : काका, सोडू अजिबात नका. १९४७ साली शिकागोमध्ये बिल पुटनम यांनी स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवून गाण्याला घुमारा आणला होता, आणि १९५७मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने त्यासाठी पोलादी पत्र्याचं यंत्र काढलं तर ते अडीचशे किलोच्या वर भरलं. तुमचा जिना त्यापेक्षा बरा, बिल्डरने आधीच बांधून ठेवलाय.

पहिला रस्ता पुटनमचाच. खाली स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवा, माइक दोन मजले वर, गाणं वाजवा आणि वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. माइकची लांब एक्सएलआर केबल लागेल, बाकी काही नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. जिन्यात एक मोठा फुगा फोडायचा आणि तो आवाज रेकॉर्ड करायचा. गेन आधीच खूप कमी ठेवा, पहिले दोन-तीन फुगे लेव्हल जुळवण्यातच जातात, मीटर उणे सहा डीबीच्या वर जायला नको. फुगा फुटण्याच्या आधीची शांतता कापून टाका, शेपटी पूर्ण ठेवा, आणि ती फाइल रीपरच्या रीआव्हर्बमध्ये टाका (हा रीआव्हर्बेटपेक्षा वेगळा, नावं सारखी ठेवून लोकांना छळलंय). आता कुठल्याही ट्रॅकला तुमचा जिना लावता येतो, नातवाच्या तबल्यालासुद्धा. फुग्याचा घुमारा अगदी तंतोतंत नसतो, त्यासाठी स्पीकरवरून खालच्या सुरापासून वरपर्यंत चढणारा स्वीप वाजवून रेकॉर्ड करतात, पण आधी फुगा फोडून बघा.

वेळ मात्र जपून निवडा. रात्री दोनला लिफ्ट बंद, कुकर बंद, सगळं शांत, पण तेव्हा फुगा फोडलात तर सेक्रेटरी खाली उतरतील. मी दुपारी तीनला केलं होतं, वॉचमनला आधी सांगून. तरी तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं त्यात आलंच, त्या एका गाण्यात प्रत्येक शब्दामागे हलकंसं भुंकणं ऐकू येतं.